माझ्या पोटातला पोचा

मी पळी बोलतेय. हसू नका. तळोज्याच्या कारखान्यांतली कितीतरी माणसं माझ्या खणखणाटावर दुपार ओळखतात. नावड्यात पुतळाबाईची खानावळ आहे, तिथल्या वरणाच्या पातेल्यात मी उभी असते. जन्म स्टीलचा, शिक्षण जेवणाऱ्यांच्या गप्पांतलं. म्हणजे अर्धंमुर्धं. तुमच्यापैकी पुष्कळांचं तसंच असतं, फक्त तुम्ही कबूल करत नाही.

मोठमोठे शब्द मला प्रितमने शिकवले. हा पोरगा परभणीकडचा, बी.कॉम., कारखान्यात कंत्राटी कामाला. सरकारी परीक्षेचा अभ्यास घासाबरोबर चालायचा. त्याच्या मते खानावळ म्हणजे देशच. पुतळाबाईचा नवरा नामदेव गल्ल्यावर बसून घोषणा करतो, म्हणून तो सरकार. किती वरण सोडायचं ते पुतळाबाई ठरवते, म्हणून ती रिझर्व्ह बँक. आणि मी म्हणजे पतधोरण. हे ऐकल्यापासून माझी मान ताठ आहे. तशी ती आधीही ताठच होती, स्टीलची.

तर एकदा तूरडाळ महागली आणि नेमका तेव्हाच सरकारला जोर आला. नामदेवने भरल्या खानावळीत जाहीर केलं, थाळीचा दर वाढणार नाही. भिंतीवर लाल ऑइलपेंटने तसं लिहूनही टाकलं. वर पापड फुकट. माणसांनी टाळ्या वाजवल्या. "हे अनुदान," प्रितम पापड मोडत म्हणाला.

आत पुतळाबाईने डब्यात हात घातला, तर डाळ तळाला गेलेली. तिने मला उंबऱ्यावर पालथी घातली आणि बत्त्याने तळावर दणका दिला. पोट आत गेलं. वरून बघाल तर मी तीच, काठोकाठ भरलेली. पण वरण कमी. आईशपथ सांगते, मला मजा आली. जन्मभर सरळ वाढत आले, म्हातारपणी पहिल्यांदा लबाडी करायला मिळाली.

माणसांना काही दिसलं नाही, पण भात कोरडा राहू लागला. मग जो तो "अजून एक पळी" म्हणू लागला. नामदेव गल्ल्यावरून दिलदारपणे सांगायचा, "दे गो, दे." झालं, डाळ पहिल्यापेक्षा जास्त उडायला लागली. पुतळाबाईने पाणी घातलं. माणसं तिसरी पळी मागू लागली. तिने आणखी पाणी घातलं. "नुसत्या नोटा छापल्या की असंच होतं," प्रितम म्हणाला. "पळ्या वाढतात, डाळ वाढत नाही." शेवटी वरण वाढल्यावरही ताटावर कोरलेलं नामदेवच्या सासऱ्याचं नाव स्वच्छ वाचता यायचं.

गिऱ्हाईक गळायला लागलं. त्यातच कारखान्याने कंत्राटी पोरं कमी केली, त्यात प्रितमही गेला. "चक्रीय बेरोजगारी," तो म्हणाला, पण या वेळी ते पाठ केल्यासारखं वाटलं नाही.

बाकं रिकामी दिसू लागली तशी पुतळाबाईने नवऱ्याला सांगून टाकलं, असंच चाललं तर खानावळ बंद. नामदेवचं म्हणणं, भिंतीवरचा शब्द पुसला तर गाव हसेल.

"मंग हसू दे गावाला," ती म्हणाली. "चूल विझली तं पोटान काय घालशील, तुजा ऑइलपेंट?"

सरकार गल्ल्यातली चिल्लर मोजू लागलं. तेवढ्यात प्रितम ताट घेऊन उठला. मला वाटलं, पळी मागतोय. तर म्हणाला, "मावशी, दर वाढवा."

सगळे बघतच राहिले. तिथे बसलेल्यांत नोकरी गेलेला हा एकटाच होता.

"तुला परवडंल काय?" पुतळाबाईने विचारलं.

"नाही. एकवेळ जेवेन. पण जेवल्यासारखं जेवेन." आणि मेल्याने मला उचलून सगळ्यांसमोर उलटी केली. पकडले गेले.

नामदेवला तेव्हाच कळलं की गल्ल्यावरून आपण ज्या पळीचं "दे, दे" करत होतो, तिच्यात पोचा आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग भिंतीकडे. ब्रश आणायला तो स्वतःच गेला. गाव हसलं. दोन दिवस हसलं, तिसऱ्या दिवशी जेवायला आलं.

पुतळाबाईने मला आतून ठोकून सरळ केलं, पण पोचा पुरता गेला नाही. प्रितम म्हणतो, थोडी चलनवाढ असावीच, तब्येतीला बरी.

मग तिने मला त्याच्याच हातात दिलं. दोन्ही वेळा वाढायचं, दोन्ही वेळा जेवायचं, परीक्षा होईपर्यंत. तो "रोजगार हमी" म्हणायला तोंड उघडतोय, तोच ती म्हणाली, "बोलू नको, वाढ."

आता गंमत ऐका. "जेवल्यासारखं जेवेन" म्हणणारा हा पोरगा, पण पळी हातात आल्यापासून त्याच्याइतका चिकट वाढपी मी पाहिला नाही. परवा खुद्द नामदेवने ताट पुढे केलं, तर म्हणाला, "काका, धोरण कडक आहे." सरकार कोरडा भात खाऊन उठलं.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुठेही "दर वाढणार नाही" असं लाल अक्षरांत वाचलंत, तर टाळ्या वाजवण्याआधी तिथली पळी उलटी करून बघा. मला मात्र करू नका. पोच्यापाशी गुदगुल्या होतात.