मेहुण्याचा पहारा, साडूचा पहारा

आमचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रविवारी जेवायला आला. हात धुतले आणि कोणी विचारलं नसताना आमच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम घालून बसला. वर आपल्या पसंतीचा अँटीव्हायरसही टाकला. म्हणे, "आता बघा कसा पळतो!"

पळतोय कसला! सोमवारी पडद्यावर नुसता गोल फिरतोय. मी एका कपाटाला रंधा मारून आलो, तरी फिरतोयच.

आमचं फर्निचरचं काम. लाकूड मी बघतो, नकाशे बायको कॉम्प्युटरवर काढते. आजवर माझ्याच कामाचे काढले तिने. या खेपेला एका बिल्डरने तिला एकटीला विचारलं, अख्ख्या इमारतीच्या स्वयंपाकघरांसाठी. नकाशे मंगळवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि इथे एक रेघ ओढली, की ती उमटेपर्यंत माणसाने दाढी करून यावं.

तेवढ्यात साडू टपकला. माझ्या थोरल्या मेहुणीचा नवरा. ऑफिसात याला प्रिंटर चालू करता येतो म्हणून घरात स्वतःला इंजिनियर म्हणवतो. बघितल्या बघितल्या म्हणाला, "व्हायरस शिरलाय!" आणि आपला अँटीव्हायरस ठोकून गेला. झालं, आता बाणसुद्धा हलेना.

मंगळवारी दुपारी दोघांनाही बोलावलं. या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही.

"तुमचा फुकटातला भंगार अँटीव्हायरस काढा, मोठे दाजी," मेहुणा म्हणाला.

"तुझा काढ. शेंबड्या वयात मला शिकवतोस?"

"अरे, भांडू नका, रडेल तो डबा," मी म्हणालो. कोणी ऐकतंय का? एक म्हणतो रॅम घ्या, दुसरा म्हणतो पंखा साफ करा. एकाने बंद केला, दुसऱ्याने चालू केला, आणि गोल पुन्हा पहिल्यापासून.

बायकोने दोघांना खुर्चीवरून उठवलं. आत कोण किती काम करतंय ते दाखवणारी खिडकी उघडली. वरच्या दोन ओळींत दोघांचे अँटीव्हायरस. एकाने फाइल तपासायला घेतली, की दुसरा त्याच फाइलवर तुटून पडायचा.

"हे तर तुम्ही दोघंच आत बसलाय!" ती म्हणाली. मग भावाला विचारलं, "का रे, नव्या सिस्टिमला स्वतःचा पहारेकरी नसतो?"

"असतो तसा," तो पायाचा अंगठा बघत म्हणाला.

"मग तुम्ही दोघं बाहेर."

"अगं ताई, माझा तरी राहू दे! मी तुझा सख्खा भाऊ!"

"वा! आणि मी कोण, परका?" साडू म्हणाला.

तिने एकाचंही ऐकलं नाही. आधी भावाचा काढला, मग दाजींचा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि रेघ बोटाबरोबर धावायला लागली. उरलेले नकाशे काढून तिने उजेड होता तोवर पाठवलेही. बिल्डरचा फोन आला, "मिळाले. उद्या मापं घ्यायला या. नवऱ्याला आणलं नाही तरी चालेल."

दोघे शहाणे चहा न पिताच उठले. खिडकीतून बघतो तर साडूच्या स्कूटरवर मागे मेहुणा! जन्मात पहिल्यांदा एकमत झालं होतं त्यांचं, माझ्या बायकोला अक्कल नाही यावर.