तोकुजीचं पिंप

"रिकामं करा आणि फोडून टाका," हिरामात्सू साहेब म्हणाले. "किती दिवस ठिगळं लावत बसणार, इबुकी-सान?"

गुडघे टेकून इबुकी व्हिस्कीच्या पिंपाच्या पोटाखालची फट बोटाने चाचपत होता. दोन फळ्यांच्या सांध्यात त्याने मागच्याच महिन्यात वाळक्या लव्हाळ्याचं पान ठोकून बसवलं होतं, तरी थेंब येतच होता. मिझुनाराचं लाकूड असंच. हा इथल्या डोंगरातला ओक वाढतो तोच वाकडातिकडा, आणि गळणं तर त्याच्या पाचवीलाच पुजलेलं.

"आधी चाखून बघा, साहेब. मग फोडा म्हणा."

"चाखली होती की मागे. नुसत्या कच्च्या लाकडाची चव."

खोटं नव्हतं ते. बावीस वर्षांपूर्वी तोकुजीने हे पिंप बांधलं आणि चौथ्या वर्षी चाखणाऱ्यांनी तोंडं वाकडी केली. तेव्हापासून ते गोदामाच्या कोपऱ्यात पडून होतं. इबुकी आणि तोकुजी शेजारी शेजारी फळ्या तासत म्हातारे झाले. लाकडातून जी व्हिस्की उडून जाते ती देवदूतांची, असं कारखान्यात म्हणतात. "तू तर देवदूतांचाच गुत्ता उघडलायस," असं इबुकी त्याला चिडवायचा. तोकुजी हसायचा. पण शेवटी इस्पितळात म्हणाला, "एवढं एक काम माझं वाया गेलं बघ." ते इबुकीला फार लागलं होतं. नाहीतर गळक्या पिंपासाठी एवढा खटाटोप कोण करतो?

साहेबांनी बूच काढून थोडी व्हिस्की पेल्यात घेतली. हुंगली. एक घोट घेतला आणि पुन्हा हुंगली.

"देवळात आल्यासारखं वाटतंय," ते हळूच म्हणाले. "चंदनाच्या उदबत्तीचा वास आहे हा. ही कशातही मिसळायची नाही. वेगळी भरायची."

"मग पिंप राहू द्या."

"आत तिसरा हिस्साही उरला नाही, इबुकी-सान. फळ्या कुजल्यात. तुम्हीच सांगा, टिकेल का?"

इबुकीने फळीवरून हात फिरवला. "नाही टिकणार," तो म्हणाला.

व्हिस्की काढून झाल्यावर लोखंडी पट्ट्या त्याने स्वतः उतरवल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग झाकणाचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून तो उपाहारगृहात गेला. तोकुजीची बायको सुमिए तिथे भांडी घासत होती.

"हे काय, भाऊजी? चुलीत घालायला आणलंत?"

"वास घ्या आधी, वहिनी. तोकुजीच्या पिंपाचं आहे. साहेब म्हणाले, अशी व्हिस्की दुसऱ्या कशात मिसळायची नाही."

तिने हात पुसले आणि तुकडा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"आता म्हणतात होय? ते होते तेव्हा काय जिभा झडल्या होत्या यांच्या?"

"तेव्हा ती कच्चीच होती, वहिनी. या लाकडाला वेळ लागतो. तोकुजीला तेवढा मिळाला नाही."

संध्याकाळी तो तिच्याबरोबर घरी गेला. तिने देवघरात नवऱ्याच्या फोटोपुढे रोजच्यासारखी भाताची वाटी ठेवली, शेजारी तो दरवळणारा तुकडा ठेवला. उदबत्तीचा डबा हातात घेतला, जरा थांबली आणि तो परत खणात ठेवून दिला.