आवाज : बेबीताई

पडद्यावरच्या बाहुलीने अकराव्यांदा मान वळवली आणि बेबीताई अकराव्यांदा खदखदा हसल्या.

"थांबवा," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "बाई, तुमची चेटकीण होतेय. मला चेटकीण नकोय. बाहुली हवीय."

बेबीताईंनी हेडफोन गळ्यात घेतला आणि कोमट पाण्याचा घोट घेतला. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे आणि गळा मात्र पाच वर्षांचा. बाकी सगळे अंग वाढले, गळा तेवढा वाढायचा राहून गेला. लग्न ठरवताना सासरच्यांनी दोनदा बोलायला लावून पोरगी थट्टा तर करत नाही ना, याची खात्री करून घेतली होती. नवरा होता तोवर चारचौघांत त्यांना कोपराने ढोसून गप्प बसवायचा. आजही फोन उचलला की पलीकडचा माणूस म्हणे, "बाळ, आईला बोलाव बघू." पण याच गळ्यावर त्यांनी तीस वर्षे डबिंग केले आणि मुलाला शिकवून मार्गी लावले. सिनेमातली रडकी बाळे, हरवलेल्या मुली, कार्टूनमधले ससे नि खारी, सगळ्यांच्या तोंडी बेबीताई. पडद्यावर नाव मात्र एकदाही आले नव्हते.

हा सिनेमा जुन्या वळणाचा होता. ओसाड बंगला, वारा, मेणबत्ती आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. त्या घडवणारा म्हातारा कधीच मेलेला. बंगल्यात राहायला आलेल्या मुलांना सगळ्यांत मोठी बाहुली एकेक करून बोलावते आणि सकाळी फळीवर एक बाहुली जास्त असते. रक्ताचा थेंब नाही की किंकाळी नाही. सगळी भीती त्या आवाजात.

"घरी कोणी लहान आहे?" दिग्दर्शकाने विचारले.

"नात आहे. चार वर्षांची."

"तिला झोपवताना काय म्हणता?"

बेबीताई चक्क लाजल्या. "ते आपलं आमचं असतं काहीतरी."

"तेच म्हणा. अभिनय अजिबात नको. आणि हे जमलं ना, तर तुमचं नाव पडद्यावर. ठळक अक्षरांत."

नातीला घरात सगळे टिचकी म्हणत. आजीच्या आवाजाला कधी न हसलेले जगातले ते एकमेव माणूस. आज्या अशाच बोलतात, अशी तिची समजूत होती. रोज झोपताना ती आजीच्या गळ्यावर तळहात ठेवायची. आवाज आत गुणगुणतो तो हाताला लागला की तिला झोप यायची.

बाहुलीने बाराव्यांदा मान वळवली. बेबीताईंनी डोळे मिटले, टिचकीला डोळ्यांपुढे आणले आणि हळूच म्हणाल्या, "डोळे मिट. मी इथंच आहे ना. मी कुठ्ठे जात नाही."

काचेपलीकडे यंत्रावर बसलेल्या रेकॉर्डिस्टने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. बेबीताईंना फार आनंद झाला. एवढे चांगले काम आपल्या हातून याआधी कधी झाले नव्हते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

सिनेमा लागायच्या आधी शहरभर पोस्टरे लागली. त्यांवर बाहुलीच्या तोंडाखाली लिहिले होते, 'हिला कोणीही आवाज दिलेला नाही!' बेबीताईंनी फोन केला तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "अहो, तुमचं नाव घातलं तर घाबरणार कोण? समजून घ्या जरा." त्यांनी समजून घेतले. तीस वर्षांत दुसरे काय केले होते?

मग एका संध्याकाळी टीव्हीवर जाहिरात आली. बेबीताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, टिचकी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. बाहुलीने मान वळवून थेट टिचकीकडे पाहिले. "डोळे मिट. मी इथंच आहे ना."

टिचकीच्या हातातला खडू गळून पडला. तिने बाहुलीकडे पाहिले, मग आजीकडे. "आजी, ती कोण आहे?"

इथे बेबीताई चुकल्या. टीव्हीवर खार बोलली की त्या सोबत ओठ हलवून दाखवत आणि टिचकी टाळ्या पिटत ओरडे, आजी टीव्हीत गेली! पोर घाबरले तर त्यावर त्यांना हा एकच उपाय ठाऊक होता. त्या तिच्याजवळ बसल्या, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "अगं वेडे, ती मीच. मी कुठ्ठे जात नाही."

टिचकी किंचाळली नाही. बसल्या जागी तिचा फ्रॉक ओला झाला. आवाज बेबीताईंचा आहे, हे साऱ्या शहरात त्या एकट्या पोरीला खरे वाटले.

त्या रात्रीपासून ती आईजवळ झोपू लागली. मुलगा म्हणाला, "आई, थोडे दिवस तू तिच्यासमोर बोलूच नकोस. विसरेल ती." बेबीताई बोलेनाशा झाल्या. पण पोरगी विसरेना, कारण तिला विसरू देणे कोणाच्या सोयीचे नव्हते. सून वाईट नव्हती, नोकरी आणि घर करून मेटाकुटीला आलेली होती. एकदा ती सहज बोलून गेली, "दूध पी, नाहीतर आजी बोलेल हं." दूध एका दमात संपले. मग औषधाला आजी, आंघोळीला आजी, केस विंचरायला आजी. घर कसे सुतासारखे सरळ चालू लागले. बेबीताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असत आणि टिचकी येता-जाता त्यांच्या ओठांवर नजर ठेवून असे. आपला गळा कापून टाकावा असे त्यांना कितीदा तरी वाटले.

तीन महिने असेच गेले. एका सुट्टीच्या दुपारी टिचकी ताटासमोर हटून बसली. सून आत फोनवर होती. तिथूनच ती वैतागून म्हणाली, "आई, तुम्हीच बोला हो जरा तिच्याशी. ऐकतच नाहीये."

बोलायला सांगितले होते. बेबीताई हात पुसत आल्या आणि गुडघे सांभाळत नातीसमोर बसल्या. केवढे तरी साठले होते. अगं, ती बाहुली खोटी आहे, मी खरी आहे, एवढे जरी सांगता आले असते तरी पुरे होते. त्यांनी तोंड उघडले.

टिचकीने दोन्ही हातांनी घास तोंडात कोंबला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. गाल फुगले, ठसका लागला, तरी ती कोंबतच राहिली. आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मिट म्हणून कोणी सांगितलेही नव्हते.

बेबीताईंनी तोंड मिटले. पाण्याचा पेला तिच्याजवळ सरकवला.

"जेवली ना?" सून बाहेर येत म्हणाली. रिकामे ताट बघून तिला बरे वाटले. "बघा, तुमचं कसं ऐकते."

बेबीताईंनी मान हलवली आणि खाली सांडलेले कण एकेक करून टिपू लागल्या.