जानव्याची रेघ

"कोणता सफेदा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

बायजा अजून हसत होती. लेकीचं तोंड दाखवायलाच ती पेणहून आली होती. पॅसेंजरमध्ये कासूला चढलेली एक बाई म्हणाली, "पोरगी कशी गोमटी हाय गो तुझी!" तिथपासून रोह्यापर्यंत तिच्या तोंडावरचं हसू हललं नव्हतं.

"सफेदा म्हंजे सफेदा. आमच्या गणपतीच्या कारखान्यातला."

"डब्यात काय होतं, बायजाबाई?"

आणि इथे बायजाचं हसू...

नाही, ते नंतर. आधी लेकीचं, दिपिकाचं तोंड.

दिपिका शाळा सुटली की बापाकडे मिठागरावर जायची. गुणाजी मीठ ओढायचा, ही बांधावर खेळायची. तिथं ऊन वरून पडतं आणि पांढऱ्या मिठावरून उसळून खालूनही लागतं. बापाची कातडी राबून राबून चामड्यासारखी झालेली. पोरीच्या नाकागालांवर मात्र फोड आले, फुटले, पुन्हा आले. पेणच्या दुकानातून उन्हापासून वाचवणारी वासाची ट्यूब आणली. लावली की दिसेनाशी व्हायची. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे सुजून बंद.

रोह्याला मुंबईहून येणाऱ्या या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सांगितलं होतं, "असं जिरणारं नको. झिंकचं मलम आणा. ते वरच्यावर पांढरं बसतं आणि ऊन परतवून लावतं. लहान मुलांना तेच बरं."

पेणचा मेडिकलवाला म्हणाला, मागवावं लागेल. कधी येईल, सांगता येत नाही.

ते वर्ल्डकपचं वर्ष. शेजारच्या टीव्हीवर मॅच लागलेली. खेळाडूंची नाकं पांढरी, ओठ पांढरे. बायजाच्या शेजारी बसून कारखान्यात रंग भरणारी पुतळीमावशी ओरडली, "अगो, हा तर आपला सफेदा!"

बायजा सातवी शिकलेली. दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात सफेद्याचा डबा फिरवून वाचलं. झिंक. तरी तिनं घाई केली नाही. पूड मलमलीतून गाळली, खोबरेलात कालवली, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघितली. कातडी शांत. मग लेकीला लावलं, नवऱ्याला लावलं, स्वतःलाही लावलं.

मिठागरावर गुणाजीची फार चेष्टा झाली.

"काय रं गुणाजी, यंदा तुला दीड दिवसात बुडवाचा का पाच दिवसात?"

"दहा दिवस ठेवा," गुणाजी म्हणायचा. "रोज मोदक द्या."

पण फोड गेले. लांबच्या बांधावरून लेकीचं पांढरं तोंड दिसलं की तो फावडं वर करायचा. डबा संपत आला की कारखान्यात पुन्हा भरलेला असायचाच.

आता पुन्हा रोह्यात. डॉक्टरीणबाई विचारताहेत, डब्यात काय होतं.

"झिंक. मी वाचला ना."

"डबा झिंकचा. आत भरलेलं काय?"

इथे बायजाचं हसू उतरलं.

गणपतीच्या कारखान्यात डबा कधी कुणी टाकत नाही. पिवळ्याच्या डब्यात निळा, निळ्याच्या डब्यात भुसा. गोणीतून जे सुटं येईल ते हाताला लागेल त्या डब्यात. म्हणूनच तिथं डबा कुणीच वाचत नाही, रंग डोळ्यांनी ओळखतात. हे बायजाला लग्नाआधीपासून माहीत होतं. आणि तिनं वाचलं.

"शिशाचाही सफेदा असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसायला तसाच. पण ते विष आहे. ही ओठ चाटते?"

खोबरेल गोड लागतं. दिपिका सारखी चाटायची.

"पोट दुखतं हिचं?"

"दुखता म्हंते. जेवत नाय. मना वाटला माती खाते, म्हणून मी..." बायजानं लेकीकडे बघितलं. "मी मारला तिला."

दिपिका स्टुलावर पाय हलवत बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचं तोंड उघडून बघितलं. मग म्हणाल्या, "आता तुमचं."

"मना काय झालाय?"

"उघडा."

बॅटरीचा उजेड हिरड्यांवर फिरला आणि एका जागी थांबला. दातांच्या मुळाशी निळसर काळी बारीक रेघ.

"ती मिश्रीची," बायजा घाईनं म्हणाली.

"मिश्रीची नाही. ब्रश तोंडात घेता का तुम्ही?"

आता यात लपवण्यासारखं काय होतं? पेणच्या त्या अख्ख्या कारखान्यात गणपतीचं जानवं काढावं तर बायजानं. पोटावरून उतरणारी केसाएवढी पांढरी रेघ, एका दमात. ब्रशाचं टोक त्याशिवाय येत नाही. ओठात धरायचं, जिभेनं फिरवायचं, की सुईसारखं होतं. पुतळीमावशीनंच शिकवलेलं.

"मुलं किती तुम्हाला?"

"ही एक. हिच्याआधी दोन ऱ्हायली नाय. हिच्या मागनं एक. पोटातच..."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. लिहिलं काहीच नाही.

"त्याच्यानं?" बायजानं विचारलं.

"तसं मला सांगता येणार नाही." पेन खाली ठेवून पुन्हा म्हणाल्या, "खरंच सांगता येणार नाही, बायजाबाई."

पोरं राहावीत म्हणून सासूनं खाडीवरच्या देवीला कोंबडं कापलं होतं. गुणाजीनं एकदाच, पिऊन आल्यावर, विचारलं होतं, "तू खातेस तरी काय गो?" ती म्हणाली होती, "तू खातोस ताच."

परतीच्या गाडीत नागोठणं आलं तरी तिला आपलं ते वाक्य गिळता येईना.

दोघींचं रक्त मुंबईला गेलं. शिसं निघालं. पोरीचं वेळेत कळलं, उतरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुमचं जुनं आहे, तुम्ही त्या रंगाला हात लावू नका. बायजानं अडून बसून कारखान्याच्या बाबाजीशेठकडून सीलबंद झिंक आणवलं, तेव्हाच ती पुन्हा कामावर गेली. मेडिकलमध्ये मलमही आलं. तिनं टोपी काढली, आतली सीलची चकती फुटलेली नाही हे दोनदा बघितलं आणि मगच लेकीच्या गालांवर लावलं.

"ओठाला, आई?"

"ओठाला नको."

कारखान्यात तिनं सगळं पुतळीमावशीला सांगितलं. पुतळीला मूलच नव्हतं. तिनं पदरानं ओठ पुसले. पुसतच राहिली.

बायजानं पाण्याची वाटी पुढ्यात घेतली. गणपती समोर ओढला. ब्रश रंगात बुडवला आणि हात आपोआप वर गेला, ओठांपाशी. तिथं थांबला. तिनं तो खाली आणला, वाटीच्या काठावर दाबून फिरवला. टोक आलं, पण बोथट.

बाबाजीशेठ मागून वाकून बघत होते. "बायजे, जानवं जाड झालाय गो."

"व्हय," ती म्हणाली. "आता जाडच येनार."

तिनं दुसरा गणपती पुढे घेतला. वाटीतलं पाणी दुधासारखं झालं होतं. ती उठली, ते बाहेर लांब नेऊन ओतलं, आणि वाटी पुन्हा भरून आणली. या खेपेला दोन. एक पुतळीसमोर ठेवली.