यादीनंतरचं वाक्य

"टिपण सुरू झालं की परिच्छेद उघडायचा, संपलं की मिटवायचा. एवढं सांभाळ हं." मला लिहून पूर्ण करताना सुलक्षणाताई म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. जळगावच्या एका छोट्या कंपनीत माझा जन्म झाला. केळीच्या बागांना ठिबकने पाणी सोडणारं सॉफ्टवेअर तिथे बनतं. ते लिहिणारे लोक कोडच्या मध्ये मध्ये टिपणं लिहून ठेवतात, हे कशासाठी, ते कसं वापरायचं. ती टिपणं वेचून त्यांची वाचण्याजोगी पानं बनवणं हे माझं काम. परिच्छेद सुरू होताना एक खूण लावायची, तो मिटवताना दुसरी.

सहा वर्षं मी हा नेम चुकवला नाही. "काय सुरेख पानं काढतो!" असं सगळे म्हणत. मला थोडा गर्वही झाला, खोटं कशाला बोलू?

मग दोंडाईच्याचे नवलभाऊ तीन महिन्यांच्या बोलीवर कामाला लागले. त्यांना दिसत नाही. त्यांचा संगणक पानं वाचून दाखवतो. त्या आवाजाला ते 'बाई' म्हणत. एक कळ दाबली की बाई पुढच्या परिच्छेदावर उडी घेई.

"अक्का, मनी बाई मधमाच मुकी व्हस," ते एकदा ताईंना हसत म्हणाले. बाई वाचता वाचता मध्येच गप्प होते, असं त्यांचं म्हणणं.

ताईंनी पान पाहिलं. "नीट तर दिसतंय, भाऊ."

आठवड्याने नवलभाऊंनी एक आज्ञा चालवली आणि चाचणीची महिनाभराची माहिती पुसली गेली.

"आधी प्रत काढा, असं पानावर स्पष्ट लिहिलंय," कंपनीचे साहेब म्हणाले. "न दिसणाऱ्याला हे काम झेपायचं नाही. सोमवारपासून येऊ नका."

"मी पान पूर्ण ऐकलं होतं, साहेब," नवलभाऊ एवढंच बोलले.

ताई त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. डोळे मिटून त्यांनी ते पान ऐकलं. पायऱ्यांची यादी आली. तिच्या खालचं, प्रत काढायला सांगणारं वाक्य बाईने वाचलंच नाही. नुसतं "रिकामं" म्हणाली.

चूक माझी होती. परिच्छेदाच्या पोटात यादी बसत नाही. यादी आली की आधी परिच्छेद मिटवावा आणि यादीनंतर नवा उघडावा. मी मात्र टिपण संपायची वाट पाहत राहिलो. पान पडद्यावर दाखवणारा ब्राउझर मुकाट्याने सावरून घेई, पण यादीनंतरचं वाक्य कुठल्याच परिच्छेदात नसे आणि माझ्या उशिराच्या खुणेपाशी एक रिकामा परिच्छेद तेवढा उरे. डोळ्यांना ते दिसे, उडी घेणाऱ्या बाईला सापडत नसे.

"साहेबांना मी सांगते, चूक माझी आहे म्हणून," ताई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या अक्का, तुमनं नाव खराब व्हई."

"होऊ दे. असलं नाव राखून देवापुढे कशी बसू?"

त्या दिवशी त्यांचा उपवास होता. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून त्यांनी मला ओळीओळीने दुरुस्त केलं. मी पानं पुन्हा काढली. बाईने ते वाक्य वाचलं. नवलभाऊंनी तीनदा ऐकलं.

मित्रांनो, तुमचं काम तुम्हाला नीट दिसलं, तरी ज्याला ते वेगळ्या वाटेने पोचतं, त्याच्यापाशी बसून एकदा पाहा. तो हसत बोलला, तरी ऐका. मला सहा वर्षं लागली.

ताईंनी पदर सारखा केला. लॅपटॉप उचलला. त्या साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.