दोन मीटरांमधला फरक

विद्यापीठाच्या तळघरात, पाण्याच्या खोल टाकीत, एक छोटी अणुभट्टी होती. वीज बनवण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी. ती चालवण्याचा परवाना एकट्या सरांकडे होता, आणि सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्याआधी दुसऱ्या कुणी परवाना मिळवला नाही, तर भट्टीला कुलूप लागणार आणि अभ्यासक्रमही गुंडाळला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षेला उभं राहण्याइतकी तयारी एकीचीच झाली होती. ती चव्वेचाळीस वर्षांची. कोळशाच्या वीज केंद्रात तिने सोळा वर्षं बॉयलर सांभाळला होता. केंद्र बंद झालं तशी ती इथे शिकायला आली. वर्गातली मुलं तिला बॉयलरताई म्हणत. घरी मुलगी उजळणी घ्यायची, आणि आईचं काही चुकलं की थेट आईच्याच आवाजात ओरडायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला परीक्षक बाई वही घेऊन तिच्या मागे बसल्या. सर दाराशी उभे राहिले. बोलायची त्यांना परवानगी नव्हती.

तिने भट्टीची शक्ती कमीजास्त करणारे नियंत्रण दांडे हळूहळू वर घेतले. समोरच्या दोन मीटरांनी एकच शक्ती दाखवायला हवी होती. डावा वीसवर आला, उजवा एकोणीसवर. डावा तीसवर गेला, उजवा सत्तावीसवर. चाळीसवर आल्यावर तिने हात थांबवला. उजवा चौतीसवर रेंगाळत होता.

"का थांबलात?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"दोन्ही मीटर जुळत नाहीत."

"वीस टक्क्यांपर्यंत फरक चालतो. नियमात बसतंय."

"बसतंय, पण फरक वाढत चाललाय."

"पन्नासवर नेल्याशिवाय परीक्षा पूर्ण होत नाही. निर्णय तुमचा."

तिला जुनं केंद्र आठवलं. बॉयलरवर एकदा पाण्याची पातळी दाखवणारी काच अशीच रेंगाळली होती. साहेब म्हणाले, चालतंय, आणि तिने दहा मिनिटं बॉयलर बंद केला नाही. त्या दहा मिनिटांत शेजारच्या माणसाचे दोन्ही हात भाजले. तिने मागे वळून सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा होता, पण हाताची मूठ आवळलेली.

तिने भट्टी बंद करायचं लाल बटण दाबलं.

दांडे खाली पडले, आकडे घसरत गेले. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं, "परीक्षा अपूर्ण." आणि त्या बाहेर गेल्या.

"दहाच आकडे राहिले होते," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "महिना संपायला अठरा दिवस आहेत, ताई."

"माहीत आहे, सर."

दुपारी दोघांनी उजव्या मीटरची केबल टाकीजवळून सोडवली. जोडणीत ओल शिरली होती, आतला धातू हिरवा पडला होता. शक्ती वाढेल तसा तो मीटर आणखी कमी दाखवत गेला असता, आणि भट्टी हाताबाहेर गेली तरी त्यावर ते दिसलं नसतं. सरांनी ती जोडणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मी असतो तर पन्नासवर नेलं असतं," ते म्हणाले. "तीस वर्षं नेतोय. नियमात बसतंय म्हटलं की माझा हात थांबत नाही."

तिने त्यांच्यासमोर नवी जोडणी ठेवली, आणि दोघं कामाला लागले.

परीक्षक बाई पुढच्या मंगळवारी परत आल्या. आधी त्यांनी ती जुनी जोडणी मागून घेतली, प्रकाशात फिरवून पाहिली आणि पिशवीत टाकली. "ही मी नेते. इतर भट्ट्यांवर दाखवायला लागेल." मग खुर्ची ओढून बसल्या.

या वेळी दोन्ही काटे बरोबरीने चढले. चाळीसवर तिचा हात आपोआप थांबला. मागून कुणी का म्हणून विचारलं नाही. तिने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि भट्टी पन्नासवर नेली.

परवाना हातात आला तेव्हा सरांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. त्याच दुपारी वर्गात सरांच्या जागी तिने पहिला तास घेतला.