घर घेतलं की ट्रक फुकट

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा, आणि आमच्या जातीत एवढं वय खूप झालं. उद्या काय बनवायचं, किती बनवायचं, त्याला कच्चा माल किती लागेल आणि कुठली ऑर्डर आधी पाठवायची, एवढं सांगणं माझं काम. बड्या कारखान्यांत माझे श्रीमंत भाऊबंद असतात. मी गरिबाघरचा. पाच-दहा माणसांचे कारखाने आणि घरात बसून मोबाइलवर माल विकणारे लोक, यांच्यासाठी मला लिहिलं.

लिहिलं ते ग्रोवर तिकोनाने, एल आल्तो या उंच डोंगरावरच्या शहरात, त्याच्या मामाच्या सुतारकामाच्या दुकानाच्या माळ्यावर. तिथे थंडी अशी की हातमोज्यांची बोटं कापून तो टाइप करायचा. मामा खुर्च्या बनवायचा, म्हणून जगात सगळ्यांत आधी मला कळली ती खुर्ची. चार पाय, एक बैठक, एक पाठ, थोडे स्क्रू. खुर्ची मला फार आवडायची, कारण तिच्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. ग्रोवरही खूश होता. "शहाणं पोर आहे माझं," असं तो मामाला सांगायचा.

मग त्याने मला इलारियाबाईंच्या कारखान्यात बसवलं आणि माझं डोकं फिरलं.

एक खोली, सहा माणसं. पहिल्याच दिवशी बाईंची मुलगी येसेनिया हिने नोंद केली: आज चाळीस घरं झाली, साठ ट्रक झाले, दोनशे पोती पीठ भरलं, शंभर कोंबडे. मी गोंधळलो. मामाला एका खुर्चीला अख्खी दुपार लागायची. मी चूक दाखवली. ग्रोवर पोट धरून हसला. "अरे, बोटाएवढी घरं आहेत ती, अलासिताची."

अलासिता ही जत्रा. चोवीस जानेवारीला सगळं गाव तिथे लोटतं. यंदा आयुष्यात जे हवं असेल ते लोक चिमुकल्या आकारात विकत घेतात. घर हवं तर मातीचं घर, धंदा हवा तर पत्र्याचा ट्रक, परदेशी जायचं तर काडेपेटीएवढी बॅग, नवरा हवा तर कोंबडा. दुपारी बाराच्या ठोक्याला ते घ्यायचं, धुपावर धरायचं, की मिशाळ एकेको देव वर्षभरात खरंखुरं देतो. आता हे मला कसं समजावं? माझ्यात आकाराचा रकानाच नव्हता. माझ्या लेखी घर ते घर आणि ट्रक तो ट्रक. चार दिवसांत एका खोलीतून गाव उभं राहत होतं, आणि त्याचं नियोजन मी करत होतो. छाती असती तर फुगली असती.

मला आणलं होतं ते एका काळजीपोटी. जत्रेत इलारियाबाईंची कोपऱ्यावरची जागा होती, त्यांच्या सासूपासूनची. तिथल्या विक्रेत्यांच्या संघाचा नियम असा की चोवीस तारखेला बाराच्या ठोक्याला ज्याची फळी रिकामी, त्याला एकदा माफ. लागोपाठ दुसऱ्या वर्षी रिकामी दिसली तर जागा दुसऱ्याला. आदल्या वर्षी येसेनियाने ब्युनोस आयर्समधल्या आपल्या लोकांना मोबाइलवर भराभर माल विकला, खोकी बसने रवाना केली, आणि जत्रेच्या दिवशी फळीवर धूळ. माफी वापरून झाली होती. यंदा चुकलं की कोपरा गेला.

मी जीव ओतून काम केलं. इतकं बसने जाईल, इतकं दारावर विकलं जाईल, इतकं जत्रेसाठी राखून ठेवा. येसेनिया म्हणाली, "आई, हा आला आणि घरात अक्कल आली."

"मग आजवर काय बिनडोक होतो का आम्ही?" इलारियाबाई म्हणाल्या. पण माझं ऐकत होत्या.

आणि मग माल कमी पडायला लागला. घरांचा हिशेब चोख जुळायचा. ट्रक जुळेनात. पोती, बॅगा, कोंबडे जुळेनात. विकले नाहीत, फुटले नाहीत, फळीवरही नाहीत. मी लाल दिवा लावला. कोणत्या वेळी कमी होतात ते शोधलं, आणि दारावर तेव्हा कोण बसलेलं असतं ते शेजारी लिहिलं. दरवेळी एकच नाव: फेलिपा. म्हणजे बाईंची नणंद, घरांच्या खिडक्या रंगवणारी. आता खरं सांगू का, चोर हा शब्द मला येतच नाही. मी फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. पुढचं येसेनिया बोलली.

"आत्या, तुझ्या पाळीतच माल कसा गं कमी होतो?"

फेलिपाने ब्रश खाली ठेवला. "तुला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय मी. आता झडती घेतेस? घे." तिने एप्रनचे खिसे उलटे केले. एक कोंबडा टेबलावर पडला. "हा पावाच्या भट्टीतल्या पोरीला द्यायचा होता. तिचं लग्न जमत नाहीये. लिही तुझ्या त्या मशीनमध्ये." एप्रन खुंटीला अडकवून ती निघून गेली.

संध्याकाळी माती घेऊन इलारियाबाई परतल्या. लाल दिवा बघून ग्रोवरही धावत आला होता. हकीकत ऐकून बाई म्हणाल्या, "चोरी कसली? यापा दिली असेल तिने."

ग्रोवर मटकन खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाने काही घेतलं की विकणारा वर थोडं फुकट घालतो, तुमच्याकडे भाजीवाली वर कोथिंबीर घालते तसं, ती यापा. तिथे भाकरीवर यापा, बटाट्यावर यापा, फळाच्या रसाचा पेला संपला की वर अर्धा पेला यापा. ग्रोवर म्हणाला, "जन्मल्यापासून यापा खातोय मी. प्रोग्रामात लिहायचं सुचलंच नाही. श्वास घेतो असं कुणी लिहितं का?"

मी मात्र हबकलो होतो, मित्रांनो. घर घेतलं की ट्रक फुकट? बॅग घेतली की वर दोन पोती पीठ? या लोकांचं कसं भागत असेल, हाच विचार माझ्या मनात आला.

ग्रोवरने नवा रकाना उघडला. "बाई, यापा किती धरू?"

"शेकडा पाच," येसेनिया म्हणाली.

"आकडा ठरला की तो भाव झाला," इलारियाबाई म्हणाल्या. "यापा तोंड बघून देतात."

"प्रोग्रामला तोंड दिसत नाही, बाई."

"मग त्याला गप्प बसायला सांग."

गप्प कसं बसायचं ते मला येत नाही. रकाना कोरा राहिला, आणि कोरा म्हणजे शून्य, असं मला शिकवलेलं आहे.

इलारियाबाई नणंदेकडे जाऊन आल्या. "दार उघडलं, चहा दिला, शेजारणीच्या चुगल्या केल्या," त्या म्हणाल्या. "पण येते म्हणाली नाही." तिच्यावाचून खिडक्या अर्धवट राहिल्या. घरं कमी पडली. चोवीस तारखेच्या सकाळी येसेनियाच्या मोबाइलमधून मी जत्रेत पोहोचलो, आणि माझा सल्ला स्पष्ट होता: आज यापा बंद ठेवा, तरच बाराला फळी भरलेली दिसेल.

येसेनियाने तसंच केलं. एका म्हातारीने बॅग घेतली आणि हात पुढेच ठेवला. "वर काय देतेस, पोरी?"

"आज नाही जमणार, मावशी."

"अलासिताला नाही जमणार? मग वर्षभर काय जमणार तुम्हाला?" तिने बॅग परत ठेवली आणि शेजारच्या फळीकडे वळली. तिच्यामागोमाग बाकीच्याही वळल्या.

बारा वाजले. चर्चच्या घंटा सुरू झाल्या, धूप पेटले. संघाचा माणूस आला, फळी पाहिली, "छान भरलीय" म्हणाला आणि पुढे गेला. कोपरा वाचला. मी हिरवा दिवा लावला. ज्यासाठी मला आणलं ते मी करून दाखवलं होतं, आणि इलारियाबाई शालीने डोळे पुसत होत्या.

"जागा राहिली आणि गिऱ्हाईक गेलं," त्या म्हणाल्या. "आता इथे काय मेंढ्या बांधू?"

मला काही कळेना. दिवा हिरवा होता. मी पुन्हा तपासला, हिरवाच होता.

घंटा वाजत असतानाच फेलिपा गर्दीतून आली आणि परक्यासारखी फळीसमोर उभी राहिली. "वहिनी, एक घर द्या." ती अजूनही भाड्याच्या खोलीत राहत होती.

इलारियाबाईंनी घर उचललं. "खिडक्या राहिल्यात याच्या. रंगवणारी रुसलीय."

"मग स्वस्त द्या."

"स्वस्त नाही देणार, वन्सं. यापा देते." आणि बाईंनी तिच्या ओंजळीत एक ट्रक ठेवला. मग पोतं. मग बॅग, आणखी एक पोतं, आणि सगळ्यांवर कोंबडा.

"पुरे हो वहिनी. या वयात कोंबडा कशाला?"

"असू दे. पहाटे उठवेल."

फेलिपा हसली आणि त्याबरोबर रडलीही. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. येसेनिया खालच्या मानेने म्हणाली, "आत्या, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. ते ट्रक इकडे सरकव." फेलिपा फळीच्या मागे आली आणि एप्रन बांधायला लागली. बॅग ठेवून गेलेली म्हातारीच सगळ्यांत आधी परत आली. घंटा थांबायच्या आत फळीसमोर उभं राहायला जागा नव्हती. माझ्यात एकामागून एक लाल दिवे लागत गेले. येसेनियाने मोबाइल खिशात घातला, आणि मी अंधारात लाल होऊन बसलो.

त्यालाही आता काही वर्षं झाली. ग्रोवरने माझे नवे भाऊ लिहिले. ते देखणे आहेत, भरभर चालतात. मी अजून इलारियाबाईंकडेच आहे. मधूनमधून अडकतो, तेव्हा येसेनिया मला बंद करून पुन्हा सुरू करते आणि टोमणा मारते. पण कोपरा अजून आमचाच आहे.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी उद्या माझ्यासारखा प्रोग्राम लिहील. त्याच्यावर माया करा, त्याला खरं तेच सांगा. पण त्याने लाल दिवा लावला, तर कुणाचे खिसे उलटे करण्याआधी त्या माणसाला एकदा नीट विचारा. आणि त्याच्यात एखादा रकाना असा ठेवा, जो माणसाला विचारूनच भरावा लागेल. माझ्यात तसा एक आहे. त्यात आकडा चालत नाही. ग्रोवरने तिथे लिहून ठेवलंय: यापा, फेलिपाला विचारा.

म्हणून रोज सकाळी मी विचारतो. येसेनिया खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बघून हाक मारते, "आत्या, हा विचारतोय, आज यापा किती?"

तिकडून उत्तर येतं, "बघू."

येसेनिया तेवढंच लिहिते, आणि मी त्यावर दिवसाचं काम आखतो. बघू म्हणजे नक्की किती, हे मला आजवर कळलेलं नाही. माल मात्र पुरतो.